सगळ्या चर्चची गाणी एका मांडवात
(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

कुणी भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल, कुणी गटाच्या बैठकीत एकत्र बसून ऐकत असाल. सगळ्यांना आमचा रबाळ्याहून नमस्कार.

आम्ही म्हणजे रबाळे, ऐरोली, घणसोली, दिघा या भागातल्या निरनिराळ्या चर्चमध्ये गाणाऱ्या बायका. एकमेकींना ओळखतही नसलेले चर्चचे गायनवृंद आम्ही एका मांडवात कसे आणले, ते आज सांगायचं आहे. त्यात काय अडलं, काय सुटलं आणि काय अजून सुटायचं आहे, तेही सांगू. तुमच्यातल्या बऱ्याच जणींचा चर्चशी संबंध नसेल. पण भजनी मंडळ तर गावोगावी असतं. एकाच गावात वरच्या आळीचं वेगळं, खालच्या आळीचं वेगळं, वस्तीवरचं आणखी वेगळं असतं. ही तिन्ही मंडळं कधी एकत्र बसून गायलीत का, हे मनात ठेवून आमची गोष्ट ऐका.

आधी आमचा गाव कसा आहे ते सांगतो. ठाण्याहून वाशीकडे लोकल निघाली की दिघा गाव, मग ऐरोली, मग रबाळे, मग घणसोली. हा रेल्वेमार्ग २००४ साली सुरू झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून इथे आगरी-कोळी लोकांची जुनी गावठाणं होती. भातशेती होती, खाडीतली मासेमारी होती. पुढे एमआयडीसीचे कारखाने आले, १९७० साली सिडको आली आणि नवी मुंबई उभी राहिली. कामासाठी माणसं आली ती कुठून कुठून. नगर-जालन्याकडची, वसईची, गोव्याची, केरळची, तमिळनाडूची, झारखंडची. येताना प्रत्येकाने आपापला देव आणि आपापलं गाणं बरोबर आणलं.

म्हणून रविवारी सकाळी आमच्याकडे फिरलात तर एकीकडे मल्याळम ऐकू येतं, एकीकडे तमिळ, एकीकडे इंग्रजी, आणि एखाद्या पत्र्याच्या हॉलमधून पेटी-टाळावरचं मराठी भजन. कुणी कॅथलिक, कुणी मार थोमा, कुणी मेथडिस्ट, कुणी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. येशूचं नाव सगळीकडे एकच. पण वर्षानुवर्षं कुणी कुणाच्या दारात जात नव्हतं. बाजारात भेटायचो, कारखान्याच्या गेटवर भेटायचो, पाण्याच्या टँकरपाशी भांडायचोसुद्धा. गाणं मात्र आपापल्या भिंतीच्या आत.

आता हे बदलावंसं का वाटलं? आमच्यातला सगळ्यात लहान गट मराठी भजन गाणाऱ्या बायकांचा होता. अकरा जणी. बहुतेक नगर आणि जालना भागातून आलेल्या. कुणी घरकाम करते, कुणी पॅकिंगच्या कामाला जाते. पेटी वाजवणारे काका वय झालं म्हणून गावी परतले. दोन आज्या वारल्या. मुलं इंग्रजी शाळेत जातात, त्यांना टाळ धरायची लाज वाटते. शेवटी एकीने सांगितलं, "या नाताळापर्यंत गाऊ, मग बंद करू." त्यांच्याकडे जी गाणी होती त्यातली कित्येक कुठल्या पुस्तकात नव्हती, चाली तर कुठेच लिहिलेल्या नव्हत्या. सासूने सुनेला शिकवलेल्या, शेतात खुरपताना म्हटलेल्या. त्या अकरा जणी थांबल्या असत्या तर ती गाणीही तिथेच संपली असती.

आम्हाला ते सहन होईना. कारण मराठीत येशूचं गाणं गाणं ही काही कालची गोष्ट नाही. थोडा इतिहास सांगतो. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' लिहिलं, ते १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं. मराठी ओवीत लिहिलेल्या त्या ग्रंथात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी परक्या देशातून आलेल्या माणसालाही कळलं होतं की इथल्या लोकांच्या मनात शिरायचं तर त्यांच्याच छंदात शिरावं लागतं.

पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक झाले. त्यांचा जन्म १८६१ चा. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि नंतर नगरला बरीच वर्षं राहिले. तोवर मराठी मंडळ्यांमध्ये इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं फार गायली जायची. टिळकांनी अभंग दिले, भजनं दिली, कीर्तनाचा आग्रह धरला. १९१९ साली ते गेले. त्यांनी सुरू केलेलं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं, ते कुणी पुरं केलं ठाऊक आहे? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच बाईने पुढे हे मोठं काव्य पूर्ण केलं आणि 'स्मृतिचित्रे'सारखं आत्मचरित्र लिहिलं. कॅथलिक चर्चमध्ये १९६२ ते १९६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन धर्मसभा भरली. तोपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये चालायची. त्या सभेनंतर लोकांच्या भाषेत मिस्सा होऊ लागली, आणि वसईसारख्या भागात मराठी गीतांना नवी पालवी फुटली.

हा एवढा वारसा असताना आमच्या अकरा जणींनी "आमचं गाणं साधं आहे हो" म्हणत मान खाली घालायची? आम्ही ठरवलं, सगळ्या चर्चच्या गायनवृंदांना एकत्र बोलवायचं.

पहिली बैठक एका चर्चच्या मागच्या खोलीत झाली. चहा येईपर्यंतच वाद सुरू झाला. एक गट म्हणाला, स्पर्धा ठेवा. करंडक ठेवा, रोख बक्षीस ठेवा, म्हणजे तरुण पोरं येतील आणि देणगीदारही मिळतील. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. बक्षिसाच्या ओढीने माणसं तयारी करतात, हे आपण हळदीकुंकवाच्या रांगोळी स्पर्धेतही बघतोच.

दुसरा गट म्हणाला, स्पर्धा म्हटली की परीक्षक आला. परीक्षक मोजणार कशाने? एक वृंद चार पट्ट्यांत गातो, हातात छापील स्वरलिपी, साथीला कीबोर्ड. दुसरा वृंद टाळावर गातो, सगळं पाठांतर, मधेच एखादी बाई नवीन आलाप घेते आणि बाकीच्या तिच्यामागे जातात. या दोघांना एका फूटपट्टीने मोजलं तर फूटपट्टी ज्याची, तो जिंकणार. हरलेला पुढच्या वर्षी येणार नाही. आणि पहिल्याच फेरीत आमच्या अकरा जणी बाहेर पडल्या असत्या, मग एवढा खटाटोप कुणासाठी?

यावर एका ताईने वेल्सची माहिती सांगितली. वेल्स हा ब्रिटनमधला छोटासा देश, एकेकाळी कोळशाच्या खाणींचा. तिथे गाण्याच्या दोन रीती आहेत. एक 'आयस्टेद्वोद', म्हणजे स्पर्धांचा मोठा मेळा. दुसरी 'गमान्वा गानी', म्हणजे नुसतं गाण्यासाठी भरलेली सभा. तिची सुरुवात १८५९ साली अ‍ॅबरडेअर गावातून झाली असं मानतात. आजूबाजूच्या चर्चची मंडळी एकत्र जमतात, आधी सराव केलेली तीच गीतं सगळे मिळून गातात. परीक्षक नाही, बक्षीस नाही, समोर बसलेला श्रोताही वेगळा नाही, कारण जो येतो तो गातो. एकाच देशात दोन्ही रीती टिकल्या. म्हणजे स्पर्धा वाईटच असते असं नाही. पण जिथे ओळखच व्हायची आहे तिथे आधी सभा हवी, असं आम्हाला पटलं.

मग नियम केला. प्रत्येक वृंदाने एक गाणं स्वतःचं गायचं आणि एक गाणं दुसऱ्याचं शिकून गायचं. कुणाचं गाणं कुणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. शेवटी दोन गाणी सगळ्यांनी मिळून. मल्याळम वृंदाला मराठी भजन आलं, आमच्या मराठी बायकांना तमिळ गीत आलं, इंग्रजी वृंदाला नागपुरी-सादरी बोलीतलं. चिठ्ठी उघडताना जो हशा पिकला, त्यातच अर्धी ओळख झाली.

आता सराव. एकमेकींचे शब्द येत नाहीत, तर काय करायचं? पहिली गोष्ट, ज्यांचं गाणं त्यांनी मोबाइलवर सावकाश म्हणून पाठवायचं, ओळ-ओळ थांबत. दुसरी, शब्द आपल्या लिपीत लिहून घ्यायचे आणि खाली अर्थ. अर्थ कळल्याशिवाय गायचं नाही, हा आमचा पक्का नियम. तिसरी, एकदा तरी त्यांच्या घरी जाऊन समोरासमोर शिकायचं. फोनवर 'ऴ' कळत नाही. तो म्हणताना जीभ कुठे जाते ते बघावंच लागतं.

चौथी अडचण सुराची. बायकांचा सूर साधारण काळी चार-पाचला बसतो, पुरुषांचा काळी एक-दोनला. सगळ्यांनी मिळून गायचं तर कुणाचा तरी गळा ताणला जातो. म्हणून सामुदायिक गाणी अशी निवडली की चाल पाच-सहा सुरांत फिरते, फार वर जात नाही, फार खाली येत नाही. मग मधली पट्टी सगळ्यांना झेपते. भजनी मंडळं एकत्र आणाल तेव्हा हे लक्षात ठेवा. अवघड गाणं ज्याचं त्याने गावं, सगळ्यांचं गाणं सोपं असावं.

स्वरलिपी वाचता येत नाही म्हणून आमच्यातल्या काही जणी बुजायच्या. त्यांच्यासाठी आणखी एक माहिती. इंग्लंडात नॉर्विच गावी सारा ग्लोव्हर नावाच्या शिक्षिका होत्या. साध्या माणसांना चर्चमध्ये गाता यावं म्हणून त्यांनी सुरांना सोपी अक्षरं देऊन शिकवायची पद्धत काढली, १८३५ साली तिचं पुस्तक आलं. पुढे जॉन कर्वेन यांनी ती सुधारून सगळीकडे पसरवली. वेल्सच्या मिशनऱ्यांबरोबर ती आपल्या मेघालय-मिझोरामच्या डोंगरांत पोचली, आणि आजही तिथल्या चर्चमध्ये त्या अक्षरांवरून चार आवाजांत गाणी बसवतात. एका शिक्षिकेने शोधलेली वाट आहे ती. आपल्याकडे तर सारेगम आधीपासूनच आहे. आमच्यातल्या एका मुलीने भजनाच्या चाली सारेगममध्ये वहीत उतरवायला घेतल्या. आता त्या गाण्यांना कागदाचाही आधार आहे.

दिवस कोणता ठेवायचा यावरही बराच खल झाला. नाताळात प्रत्येक चर्च आपल्याच गडबडीत असतं. पावसाळ्यात आमच्या वस्त्यांत पाणी शिरतं. कॅथलिकांचे काही सण प्रोटेस्टंट पाळत नाहीत. शेवटी उत्तर कॅलेंडरमध्येच सापडलं. १८ ते २५ जानेवारी हा अनेक देशांत ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा मानतात. त्याला लागून २६ जानेवारीची सुट्टी. सकाळी झेंडावंदन, दुपारी गाणं. कारखान्यात जाणाऱ्या, घरकामाला जाणाऱ्या, दोघींनाही जमेल असा तो दिवस. तरी काही जणींना सुट्टी नव्हतीच, पहिली पाळी तीनला सुटणार होती. म्हणून त्यांच्या वृंदाचा क्रम शेवटी ठेवला. कार्यक्रमपत्रिका पाहुण्यांच्या सोयीने न लावता गाणाऱ्या बायकांच्या सोयीने लावली.

खर्चाचं म्हणाल तर बचत गटाची रीत वापरली. वही एक, सह्या दोघींच्या, आणि दर बैठकीला हिशोब मोठ्याने वाचायचा. तिकीट नाही. ज्या वृंदाला जमेल त्याने पैसे दिले, ज्याला जमणार नव्हतं त्याने मांडव, सतरंज्या, झाडलोट सांभाळली, आणि वहीत दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लिहिल्या. जेवण डब्यांचं. लाउडस्पीकरसाठी लेखी परवानगी लागते, आणि रात्री दहानंतर तो लावता येत नाही. २६ जानेवारीला पोलिसांना बंदोबस्त असतो, म्हणून अर्ज फार आधी दिला.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. गातात जास्त करून बायका, पण ठरवतात कोण? एका मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचा निरोप आला, की आमच्या बायका येतील, गातील, पण पुढे उभं राहून वृंद चालवणार पुरुषच. त्या वृंदाला सगळी गाणी बसवून दिली होती एका बाईने. सगळ्या ओळी तिला पाठ, सगळ्यांचे आवाज तिला माहीत. आमच्यात दोन मतं झाली. काही म्हणाल्या, असं असेल तर त्यांना बोलवूच नये. काही म्हणाल्या, आपण दार लावलं तर शिक्षा कुणाला होते? त्या बायकांनाच. शेवटी आम्ही तिलाच विचारलं. ती म्हणाली, "मला यायचंय. पुढे कोण उभं आहे ते लोक बघतील, सूर कोण देतंय ते बायका ऐकतील." त्या दिवशी पुढे एक दादा उभे राहिले, आणि सगळा वृंद दुसऱ्या ओळीतल्या तिच्याकडे बघून गायला. सामुदायिक गाण्याच्या वेळी मात्र प्रत्येक वृंदातून एकीने पुढे यायचं असं ठरलं होतं, तेव्हा ती पुढे आली. त्या मंडळीत नियम अजून बदललेला नाही. पण पुढच्या बैठकीला त्यांच्याकडून ती स्वतः येते, निरोप येत नाही.

टाळ-मृदंगावरूनही कुजबुज झालीच. "हे चर्चमध्ये शोभतं का?" असं एकाने विचारलं. आमच्यातल्या एका आजींनी शांतपणे विचारलं, "कीबोर्ड बायबलात आहे का, बाबा? झांजा आहेत." आणि त्यांनी स्तोत्रसंहितेचं शेवटचं स्तोत्र काढून दाखवलं. त्यात खरोखरच झांजा वाजवून देवाची स्तुती करायला सांगितलं आहे. विषय तिथेच मिटला.

त्या दुपारी मांडवात काय झालं, ते थोडक्यात सांगतो. एक वृंद आलाच नाही, त्यांच्या चर्चने ऐनवेळी परवानगी नाकारली. त्यांची जागा आम्ही रिकामी ठेवली, दुसऱ्या कुणाला दिली नाही. मल्याळम बोलणाऱ्या बायकांनी जेव्हा आमच्या अकरा जणींचं भजन गायला घेतलं, उच्चार थोडे वेगळे, पण ठेका अगदी तोच, तेव्हा आमच्या बायका टाळ्या वाजवायच्या विसरल्या. आपल्या आजीचं गाणं दुसऱ्या भाषेच्या बाईच्या तोंडून ऐकणं काय असतं, ते सांगता येत नाही. ज्या पोरी टाळ धरायला लाजायच्या त्यांनी ते बघितलं. आपलं गाणं दुसऱ्यांना हवंसं वाटतं, हे कळलं की लाज जाते. आज त्यातल्या चार पोरी दर शनिवारी सरावाला येतात. एक पेटी शिकते आहे. त्या नाताळानंतर भजन बंद झालं नाही.

फुटलेल्या मंडळ्या जोडायला वेळ लागतो, हेही आम्हाला माहीत आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे सहा वेगवेगळ्या मंडळ्यांच्या एकीतून १९७० साली आपल्याच महाराष्ट्रात, नागपूरला स्थापन झालं. त्याआधी बोलणी चालली ती कित्येक दशकं. आम्ही कुठली मंडळी कुठल्या मंडळीत विलीन करायला निघालेलो नाही. प्रत्येकाची उपासना ज्याची त्याला लखलाभ. वर्षातून एक दुपार एकमेकींचं गाणं म्हणायचं, एवढंच आमचं मागणं आहे.

आता तुमच्याकडे येतो. तुमच्या गावात हरिपाठ म्हणणाऱ्या असतील, ओव्या येणाऱ्या असतील, बुद्धवंदना आणि भीमगीतं गाणाऱ्या असतील, भोंडल्याची गाणी जपणाऱ्या असतील. गटाच्या बैठकीत कर्जाचा हप्ता झाला की पाच मिनिटं काढा. प्रत्येकीला विचारा, "तुझ्या वस्तीवरच येतं, बाकी कुणाला येत नाही, असं गाणं कुठलं?" नावं वहीत लिहा. मग चिठ्ठ्या टाका आणि एकमेकींचं शिका. वरच्या आळीने वस्तीवरचं शिकायचं आणि वस्तीने वरच्या आळीचं. शिकायला तिच्याच दारात जायचं, तिला आपल्याकडे बोलावून घ्यायचं नाही. ज्या उंबऱ्यावर आजवर पाऊल टाकलं नाही तिथे बसून चहा प्यायचा आणि पहिली ओळ तिच्या तोंडून घ्यायची. यात काय काय हलतं, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

सुरुवात दोन मंडळांपासून करा. बक्षीस ठेवू नका, निदान पहिल्या वर्षी. ज्या मंडळाची सभासदं सगळ्यात कमी, त्याचं गाणं आधी शिका, कारण ते सगळ्यात आधी हरवणार आहे. आणि म्हाताऱ्या बाईचं गाणं आज रात्रीच मोबाइलवर घेऊन ठेवा, तिला विचारून, तिचं नाव सांगून. उद्यावर टाकू नका.

आमचा यंदाचा सराव सुरू झाला आहे. रिकामी राहिलेली ती जागा यंदाही ठेवली आहे. चला, भाकरी करपायच्या आत थांबतो. नमस्कार.